पट्टीची मागची बाजू

कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा आमचं निम्मं चालणं झालं होतं. विमानतळापासून घर नऊ किलोमीटर. मी बसमध्ये चढले होते, खिडकीची जागाही मिळाली होती. पण धाकटीने चढायला नकार दिला आणि रस्त्याच्या कडेने सरळ चालू लागली. सकाळी निघताना सासूबाईंनी मला बजावलं होतं, आज तिला एकटी सोडू नकोस. म्हणून उतरले. नव्या चपलेने टाचेला फोड आणला होता. ती मात्र माझ्या दोन पावलं पुढे. चौकशीच्या खोलीतून रडून बाहेर पडलेली बाई माझ्यापेक्षा भरभर कशी चालते, याचा मला राग आला. खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

पुलापलीकडे विमानतळाची नंतरची बस मागून आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, दारातून मान बाहेर काढली आणि म्हणाला, मॅडम, पुढची सीट तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय, या. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. ती हात जोडून नको म्हणाली. बस गेली. बसमधले सगळे तिच्याकडे वळून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माया होती.

ती माझी धाकटी जाऊ. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, विमानतळाच्या टॉवरमध्ये भिंगरी. एका जागी स्थिर नाही आणि हात तर डोळ्याला दिसत नाहीत इतके चालतात, म्हणून हे नाव. लग्न होऊन आली तेव्हा बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. आठ दिवसांत तिने घर ताब्यात घेतलं. मी तासभर कपड्यांच्या घड्या घालत बसायचे, ती बोलता बोलता वीस मिनिटांत गठ्ठा रचून मोकळी व्हायची. सासूबाई म्हणायच्या, धाकटी स्वयंपाकघरात आली की घड्याळसुद्धा सावरून बसतं. हे ऐकून माझे यजमान हसायचे आणि माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागायचं. माझी स्वतःची मुलगी गणितं विचारायला काकूकडे जायची. आई नीट सांगते पण फार वेळ लावते, असं तिने एकदा मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं.

टॉवरच्या नोकरीचा फॉर्म मी आणला होता. लग्नाआधीपासून माझ्या मनात होतं. काचेच्या त्या खोलीत बसायचं, आकाशातल्या विमानांना वाट सांगायची. धाकटी म्हणाली, ताई, मीही भरू का? मी हो म्हटलं. सहा महिने आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकाच पुस्तकातून अभ्यास केला. अवघड होतं ते मीच तिला समजावलं. परीक्षेत कानाला हेडफोन लावून पाच विमानांची माहिती ऐकवायचे आणि कोण कोणाच्या वाटेत येतंय ते विचारायचे. माझी पाचही उत्तरं बरोबर आली, पण वेळ संपल्यावर आली. परीक्षक म्हणाले, बाई, उत्तर बरोबर आहे, पण तोवर विमानं थांबून राहत नाहीत. खोलीतले सगळे हसले. मीही हसले. धाकटीचं एक उत्तर चुकलं होतं, तरी तिची निवड झाली, कारण तिने निम्म्या वेळात पेपर संपवला होता.

मला त्याच इमारतीत, तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत घेतलं. तुम्ही बारकाईने बघता, तिथे तुमचा उपयोग होईल, असं साहेब म्हणाले. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, जे दिलंस ते गोड मानून घेते. पण गोड लागलं नाही.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टॉवरमध्ये प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, बोटभर रुंद, वीतभर लांब. विमान कुठून येतंय, किती उंचीवर आहे, ते तिच्यावर लिहितात आणि ती प्लॅस्टिकच्या खाचेत सरकवून कंट्रोलरसमोर उभी करतात. दिवस संपला की वापरलेल्या पट्ट्या खाली माझ्याकडे येतात. त्या तारखेप्रमाणे लावायच्या, बांधायच्या, कपाटात ठेवायच्या. सगळ्यांना आकडे एकाच वळणाचे काढायला शिकवलेले असतात आणि पेनं टेबलाला दोरीने बांधलेली असतात, त्यामुळे अक्षरावरून कोणाची पट्टी ते कळत नाही. कोपऱ्यातल्या सहीवरून, पट्टी कोणी सुरू केली, एवढंच कळतं.

आमच्या विमानतळाच्या पूर्वेला डोंगर आहेत. तिकडून येणाऱ्या विमानाला डोंगर ओलांडेपर्यंत आठ हजार फुटांवरच ठेवायचं. ते डोंगराच्या अलीकडे आलं की खालच्या रडारच्या खोलीतून टॉवरला फोन येतो, ओलांडला. मग कंट्रोलरने पट्टीवर तीन हजार लिहायचं आणि विमानाला खाली यायला सांगायचं. आधी फोन, मग लिहिणं, मग सांगणं. ही शिस्त सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात घोटून देतात.

खाचेत उभ्या असलेल्या पट्टीवर लिहिलं की मागे कडक प्लॅस्टिक असतं, कागदाची मागची बाजू गुळगुळीत राहते. पण पट्टी खाचेत घालण्याआधी टेबलावर, पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून लिहिली, की पेनाचा ठसा मागे उमटतो. बोट फिरवलं की लागतो. रचताना माझं बोट सगळ्याच पट्ट्यांवरून फिरतं. दुसऱ्यांच्या पट्ट्यांवर विमानाचं नाव मागून खरखरीत लागायचं आणि तीन हजार गुळगुळीत. धाकटीच्या पट्ट्यांवर तीन हजारही खरखरीत लागायचं.

म्हणजे ती फोन यायच्या आधीच लिहून ठेवत होती. पूर्वेचं विमान आहे, शेवटी तीन हजारच सांगायचं आहे, मग आत्ताच लिहून ठेवू. फोन आला की नुसतं बोलायचं, लिहायला थांबायला नको. तिच्या वेगाचं गुपित हे होतं.

हे मला कळलं त्या दिवशी मी दुपारचा डबा फार चवीने खाल्ला. दोन वर्षं मी ते कोणालाही सांगितलं नाही. स्वतःला कारणं दिली. घरची बाई आहे. लोक म्हणतील, जळते म्हणून बोलते. आणि नुकसान कुठे काय झालंय, ती फोनशिवाय विमान खाली थोडीच आणते. ही कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. मी सांगितलं असतं तर धाकटीने दुसऱ्या दिवसापासून ती सवय सोडली असती, सगळ्यांसमोर माझे आभार मानले असते, आणि आणखी चांगली झाली असती. ते मला नको होतं. तिच्यापेक्षा जास्त असं माझ्याजवळ एवढंच होतं. रोज सकाळी देवाकडे सद्बुद्धी मागायचे, पण या गोष्टीचं नाव त्याच्यापुढे कधी काढलं नाही.

ज्या दिवसाची ही चौकशी, त्या गुरुवारी तिला वर्षभरातल्या सर्वोत्तम कामाचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. कॅन्टीनमध्ये सव्वादोनला छोटा कार्यक्रम होता. प्रमाणपत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तत्परता हा शब्द मी दोनदा तपासला. दोन वाजता तिची शिफ्ट संपायची आणि तिच्यानंतर मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे टॉवरमधले सगळ्यात जुने कंट्रोलर. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून हे नाव. धाकटीला काम त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

शिफ्ट बदलताना उठणाऱ्याने बसणाऱ्याला प्रत्येक पट्टी वाचून दाखवायची असते. तीनचार मिनिटं लागतात. त्या दिवशी काय बोलणं झालं ते टेपवर आहे. मास्तर तिला म्हणाले, अगं जा, खाली सगळे खोळंबलेत, सत्कार काय रोज होतो का. ती म्हणाली, पूर्वेकडून लष्कराचं मालवाहू विमान येतंय, बाकी सगळं पट्टीवर आहे. आणि जिना उतरली. रडारचा फोन अजून आलेला नाही, हे सांगायचं राहिलं. मास्तरांनी पट्टीवर तीन हजार वाचलं. तीन हजार लिहिलंय म्हणजे फोन येऊन गेला, विमानाला सांगायचं तेवढं राहिलं, यात त्यांना शंका वाटायचं कारणच नव्हतं. भिंगरीची पट्टी कधी चुकत नाही. त्यांनी विमानाला खाली यायला सांगितलं. आकाश ढगांनी भरलेलं होतं, वैमानिकाला डोंगर दिसत नव्हते.

खाली रडारच्या खोलीतल्या माणसाला पडद्यावर उंचीचा आकडा उतरताना दिसला. त्याने फोन उचलला, मास्तरांनी लगेच विमानाला वर जायला सांगितलं. उत्तर आलं नाही.

त्याच वेळी मी कॅन्टीनमध्ये टाळ्या वाजवत होते. साहेब म्हणत होते, हिच्याकडून सगळ्यांनी शिकावं. माझ्या मनात आलं, काय शिकावं ते मला विचारा. ते मनात येतंय तोच जिन्यावरून कोणीतरी धावत आलं आणि साहेबांच्या कानाशी लागलं. धाकटीने प्रमाणपत्र खुर्चीवर ठेवलं आणि वर पळाली.

विमानात अकरा जण होते. कोणीही वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे नातेवाईक आले, तेव्हा त्यांना बसवायला सत्काराच्याच खुर्च्या होत्या, कोणी उचलल्या नव्हत्या. मी पाण्याचे ग्लास फिरवले. एक म्हातारे गृहस्थ ग्लास हातात धरून तासभर बसले होते. प्यायले नाहीत, परतही दिला नाही.

मास्तरांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. चौकशी समिती आली, तिने त्या विमानाची पट्टी सील करून ठेवली. मास्तरांनी त्यांना सांगितलं की तीन हजार मीच लिहिलं असणार. जो सांगतो तोच लिहितो, असं आयुष्यभर केलं, तर तेही मीच लिहिलं असणार. नीट आठवत नाही असं म्हणाले, पण दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही असंही म्हणाले. फोन न येता उंची लिहिली आणि विमान खाली आणलं, असा त्यांच्यावर ठपका बसत होता. खटला होईल, तुरुंगही होईल, असं सगळे बोलत होते.

घरी धाकटी तीन आठवडे गप्प होती. सासूबाई तिला जवळ बसवून जेवायला घालायच्या. दीर रजा काढून घरी राहिले. शेजारणी येऊन माझ्याकडेच तिची चौकशी करायच्या. बिचारी, किती मनाला लावून घेतलंय, तिचा काय दोष. मी मान हलवायचे. एवढं होऊनसुद्धा सगळी माया तिच्याकडेच कशी जाते, हा विचार मला यायचा. आला की मी उठून देवापुढे जायचे आणि तिथे जाऊन त्याच्याकडे बघायला लाजायचे.

आणि आम्ही चालत निघालो त्या दिवशी समितीपुढे धाकटीची साक्ष झाली. बाहेरच्या बाकावर मला तिचं रडणं तेवढं ऐकू आलं, शब्द नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं होतं, पण नुसतं पट्ट्यांचे गठ्ठे आणून द्यायला.

टायरच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा ती थांबली. माझी टाच बघितली, दुकानदाराकडून चिंधी मागून आणली आणि खाली बसून माझ्या चपलेच्या पट्ट्यात अडकवली. मी नको म्हणत होते. हेही तिनेच करायचं का, असं मला वाटत होतं. खाली बसल्याबसल्याच ती बोलायला लागली.

म्हणाली की समितीला तिने सगळं सांगितलं. तीन हजार आपण लिहिलं, फोन येण्याआधी लिहिलं, नेहमीच लिहितो. तर समितीचे प्रमुख चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बाई, मास्तर तुमचे गुरू आहेत, आम्हाला कळतं. तुमच्या कामावर एकही शेरा नाही. अशा कबुलीने तुम्ही त्यांना वाचवू शकणार नाही, स्वतःला मात्र बुडवाल. घरी जा, विश्रांती घ्या. आणि एकाने तिला पाणी दिलं.

"चांगुलपणा समजले ते," ती म्हणाली. "मी खरं सांगत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते."

कबुली द्यायची हिंमतही हिचीच निघाली, आणि तिचंही कौतुकच झालं.

आम्ही परत चालू लागलो. आता ती माझ्या बरोबरीने चालत होती. मला वाटतं मुद्दाम. पेट्रोल पंपापर्यंत आलो, तोवर बसथांब्यावरच्या दोन बायकांनी तिला ओळखून हात केला.

मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

मी विचारलं, काय माहीत होतं.

"दोन वर्षांपूर्वी मी चहा घेऊन खाली तुमच्याकडे आले होते. तुम्ही माझी पट्टी उलटी करून बोट फिरवत होतात. मग दुसऱ्याची घेतलीत, परत माझी घेतलीत. मी दारात उभी होते. वर जाऊन मीही बोट फिरवून बघितलं, तेव्हा कळलं तुम्ही काय शोधत होतात."

मी पंपाच्या कट्ट्यावर बसले. तिच्यावरची माझी एकुलती एक मात, आणि तीही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"मी फार घाबरले होते तेव्हा," ती म्हणाली. "वाटलं, आता ताई बोलणार. घरी नाहीतर साहेबांकडे. आठ दिवस मी फोन आल्यावरच लिहीत होते. पण तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही एवढ्या बारीक बघणाऱ्या, चूक असती तर सोडली असती का? म्हणून मला वाटलं, चालतंय."

"म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणतेस?" माझा आवाज चढला. पंपावरचा माणूस बघायला लागला.

ती लगेच म्हणाली, नाही. हात माझा, पेन माझ्या हातात, आणि पळत जिना उतरले तीही मीच. तुमच्यावर ढकलायला मी हे बोलत नाहीये. तुम्ही का गप्प राहिलात तेही विचारत नाही, मला थोडं माहीत आहे. हे शेवटचं ती इतक्या हळू म्हणाली, की तिने चिडून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं.

मास्तरांच्या घरी ती रविवारी गेली होती, ते तिने सांगितलं. मास्तर अंगणात शाळेतल्यासारखी खुर्ची टाकून बसले होते. तिला बघून उठले आणि म्हणाले, प्रमाणपत्र भिंतीवर लावलंस की नाही. त्यांच्या बायकोने दार लावून घेतलं. नातवाला शाळेत मुलं काय म्हणतात ते तिने दारापलीकडून सांगितलं. सांगताना धाकटी रडली नाही. रडली असती तर मी तिच्या पाठीवर हात ठेवला असता, असं मला वाटतं. ठेवला असता की नाही, देव जाणे.

मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल. खटला तुझ्यावर होईल. भाऊजींचा विचार कर. सासूबाईंना काय वाटेल. हे सगळं मी तिच्या काळजीने म्हणत होते की मला बोलावं लागू नये म्हणून, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. कारण पट्ट्यांची मागची बाजू दाखवायची, तर मला हे कधी कळलं तेही सांगावं लागणार होतं. दोन वर्षं गप्प राहिलेल्या बाईला रेकॉर्डच्या खोलीत कोण ठेवणार. घरात तर त्याहून वाईट. सगळ्यांना कळणार की मी कशी आहे.

ती सगळं ऐकून घेत होती. तिने घाई केली नाही. इतक्या वर्षांत मी तिला कधी थांबून राहिलेली पाहिली नव्हती. माझं बोलणं संपेपर्यंत ती उभी राहिली, मग कट्ट्यावर माझ्या शेजारी टेकली.

"ताई, उद्या तुम्ही गठ्ठे नुसते टेबलावर ठेवून येऊ नका. माझ्या पट्ट्या उलट्या करून त्यांच्या हातात द्या आणि बोट फिरवून बघायला सांगा. सील केलेली ती पट्टीसुद्धा उघडायला लावा. कधीपासून माहीत होतं तेही सांगा, नाहीतर त्यांना वाटेल घरातल्या दोघींनी मिळून रचलंय. माझं बोलणं त्यांना चांगुलपणा वाटतो. तुमचं वाटणार नाही. माझ्याबद्दल तुम्ही कधी चांगलं बोलला नाहीत हे सगळ्या विमानतळाला माहीत आहे. तेवढं उद्या मास्तरांसाठी वापरा."